जमीन कशाची होती?

बाइंडिंगच्या कारखान्यात तिला सगळे तपासणीबाई म्हणत, आणि तेही तोंडावर. छापखान्यातून फर्मे यायचे, म्हणजे मोठ्या कागदावर छापून घडी घातलेली सोळा-सोळा पानं. बायका ते क्रमानं लावायच्या, शिवायच्या, पाठीला सरस लागायचा, पुठ्ठा चढायचा, आणि मग पुस्तक हिच्या टेबलावर यायचं. ही कडेला अंगठा लावून पानं फर्रकन सोडायची. एखादा फर्मा उलटा बसला असेल, एखादा दोनदा आला असेल, तर अंगठा नेमका तिथे अडकायचा. मालक म्हणायचे, “बाईंच्या हाताखालून सुटलं ते पुस्तक खरं.” त्यावर ही म्हणायची, “सुटलं म्हणून खरं असं काही नाही. द्या इकडे, परत बघते.”

घरीही तोच खाक्या. दूध तापवलं तरी वास घेणार. कुलूप लावून जिना उतरली की परत वर जाऊन कुलूप ओढून बघणार. फोनवर कुणी गोड बोललं की लगेच, “बरं, काम काय आहे ते सांगा.” नवरा रंगारी होता, घरांना रंग द्यायचा, आणि स्वभावानं तिच्या अगदी उलट. सूर्य आज रजेवर आहे असं कुणी सांगितलं असतं, तर यानं विचारलं असतं, “बरा आहे ना?” लोकांना नवल वाटे की या दोघांचा संसार चालतो कसा. चालत होता तो असा, की हा सगळ्यांवर विश्वास ठेवायचा आणि ही ते निस्तरायची.

हा संशय तिच्यात जन्मापासून नव्हता. वडील लवकर गेले. आई शिंप्यांकडून शर्ट आणून त्यांना काजं-बटणं करायची. वरच्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, आई, ही आणि हिच्याहून बराच मोठा दादा. मिसरूड फुटायच्या वयात दादा दूरच्या एका काचेच्या भट्टीवर कामाला गेला. “थंडी पडायच्या आत येतो,” म्हणाला. थंडी पडली, सरली, परत पडली. आधी कुणाकुणाच्या तोंडी खुशाली येत होती, मग तीही थांबली.

मग एक दिवस एक माणूस दारात उभा राहिला. म्हणाला, तुमच्या मुलाचा पाय मोडलाय, दवाखान्यात पडलाय, अंगावर पांघरायला धड नाही. आईनं त्याला जेवू घातलं, स्वतःचा गरम कोट दिला, जे काही जवळ होतं ते बांधून दिलं. ही तेव्हा लहान होती. दाराआडून म्हणाली, “आई, हा इतक्या लांबून आलाय, मग याचे बूट नवेकोरे कसे?” आईनं तिला गप्प केलं. माणूस गेला तो गेलाच. त्या दिवसानंतर ही फक्त स्वतःचंच ऐकू लागली. आई पुढे कित्येक वर्षं जिन्यावर पाऊल वाजलं की काम थांबवून कान द्यायची, आणि तशीच एकदा कान देता देता गेली. रस्ता रुंद करताना ते घरही पाडलं गेलं.

आता ती राहायची त्या इमारतीत तळमजल्यावर एक निवृत्त प्राध्यापक होते. एकटेच. सगळी इमारत त्यांना सर म्हणे. डोळ्यांचं दुखणं वाढत जाऊन आता त्यांना समोरच्या माणसाची नुसती बाह्यरेषा दिसायची. एकदा त्यांनी तिला जिन्यात थांबवलं.

“तुम्ही बाइंडिंगमध्ये आहात ना? संध्याकाळी मला थोडं वाचून दाखवाल का?”

तिच्या मनात पाल चुकचुकली. “मीच का? वरच्या मजल्यावर कॉलेजातली मुलगी आहे की.”

“ती भरभर वाचते, आणि मला बरं वाटावं म्हणून सगळं कळल्यासारखं करते. तुम्ही परवा भाजीवाल्याशी वजनकाट्यावरून भांडत होतात ते मी खिडकीतून ऐकलं. मला तसं कुणीतरी हवंय.”

हे कारण इतकं विचित्र होतं की ते खोटं असणं शक्य नव्हतं. तरी पहिल्या दिवशी तिनं दार सताड उघडं ठेवलं आणि दाराजवळचीच खुर्ची घेतली.

पुस्तक जाडजूड होतं, जुन्या ग्रीसमधल्या अगदी सुरुवातीच्या विचारवंतांवरचं. ही माणसं अडीच हजार वर्षांपूर्वी समुद्रकाठच्या गावांत बसून एकच प्रश्न विचारत होती: हे सगळं कशाचं बनलंय, आणि बनल्यावर ते बदलतं कसं? त्यांची नावं म्हणजे दातांत अडकणारी. थेलीस तेवढा जमला, पुढचे वाचताना जीभ वळेना, म्हणून तिनं त्यांना आपली नावं ठेवून टाकली. थेलीस म्हणाला होता की सगळ्याचं मूळ पाणी आहे, म्हणून तो पाणीवाला. तो भाग वाचून झाल्यावर तिनं पुस्तक मांडीवर पालथं घातलं.

“सर, सगळं पाणी? हा पुठ्ठा पाण्याचा? ही भिंत?”

“हसू नका, त्याचं ऐकून तर घ्या.”

“हसत नाहीये, विचारतेय. त्यानं बघितलं होतं का?”

सर खुर्चीत पुढे सरकले. “हेच! त्याच्याच गावातल्या दुसऱ्यानं त्याला नेमकं असंच धरलं. म्हणाला, मूळ पाणीच असेल, तर पाण्याच्या अगदी उलट असलेली आग आली कुठून? तेव्हा मूळ म्हणजे पाणी नाही, आग नाही, ज्याला हद्द नाही आणि नावही नाही असं काहीतरी आहे.”

“ही पळवाट झाली. उत्तर येत नाही म्हणून नाव नाही म्हणायचं.”

“वाचा पुढे.”

पुढचा होता वारेवाला. त्याच्या मते मूळ हवा. ती दाटली की वारा, ढग, पाणी, माती, दगड होत जाते, आणि विरळ झाली की आग होते. पुरावा काय, तर ओठ मिटत आणून हातावर फुंकर घाला, गार लागते. तोंड उघडून श्वास सोडा, ऊन लागतो. तिनं सरांकडे बघितलं. त्यांना दिसत नाही याची खात्री करून तिनं हळूच आपल्या तळहातावर फुंकर घातली. मग तोंड उघडून श्वास सोडला. मग परत एकदा.

“पटलं?” सरांनी विचारलं. ऐकू तर येत होतंच त्यांना.

“फुंकर खरी आहे,” ती म्हणाली. “पण म्हणून हवेचा दगड होतो हे कुठे आलं त्यात?”

सरांना हसता हसता ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, “त्यांचं एकेकाचं उत्तर चुकलंही असेल. पण बाई, त्यांच्या आधी लोक गोष्टी सांगत. वीज का पडते? वर कुणीतरी रागावलंय. समुद्र का खवळतो? आत कुणीतरी कूस बदलली. गोष्ट ऐकली की माणसाचं समाधान होतं. या लोकांचं होईना. ते म्हणाले, गोष्ट राहू द्या बाजूला, वस्तू कशाची आहे ते सांगा. तुमच्यासारखेच संशयी होते बिचारे.”

संशयी हा शब्द आजवर तिला शिवी म्हणूनच ऐकायची सवय होती. घरी जाताना ती विचार करत होती, की म्हाताऱ्यानं आपलं कौतुक केलं ते का.

अशाच एका संध्याकाळी ती वाचून वर आली तर घरात पाहुणा. टेबलाशी बसून तो जेवत होता आणि नवरा त्याच्या पुढ्यात पाण्याचा पेला ठेवत होता. नवऱ्याचा चेहरा नुसता फुलून आला होता.

“अगं, बघ कोण आलंय! ओळख बघू!”

माणूस उठून उभा राहिला. पिकलेले केस, वाकलेली पाठ, कानांच्या कडा भाजून आक्रसलेल्या. त्यानं तिच्याकडे बघितलं आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाला, “चिमटे.”

लहानपणी ती दिसेल त्या वस्तूला चिमटा काढून बघायची, म्हणून दादानं ठेवलेलं ते नाव. कुणी म्हणून किती वर्षं झाली होती! तिच्या हातातली किल्ली खाली पडली. पण ती वाकून उचलेपर्यंत तिचं डोकं ठिकाणावर आलं होतं. चिमटी हे नाव तेव्हा सगळ्या गल्लीला माहीत होतं.

“तुम्ही कोण?” तिनं विचारलं.

“अगं, असं काय करतेस? दादा आहेत!” नवरा म्हणाला.

“तुम्ही गप्प बसा हो जरा.”

पण दारातून घालवायला नवरा तयार होईना. रंगाचे डबे ठेवायची जी छोटी खोली होती, तिथे त्यानं पाहुण्याचं अंथरूण घातलं. आणि तपासणीबाईंची तपासणी सुरू झाली.

ती चहा देताना विचारायची, भाजी चिरताना विचारायची, चप्पल घालता घालता वळून विचारायची. आणि तो प्रत्येक वेळी बरोबर सांगायचा. मांजरीनं आईच्या ट्रंकेत पिल्लं घातली ती गोष्ट. हिच्या गळ्यातली मण्यांची माळ तुटून मणी जिन्यावरून खाली टपटपत गेले, आणि दादानं रस्त्यावर बसून ते एकेक वेचले ती गोष्ट. आईचं शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान हरवलं, तिनं दोघांनाही उपाशी झोपवलं आणि मग स्वतःच रडत उठून जेवायला वाढलं, तीही. सांगायचाही असा, की नवरा ब्रश हातात तसाच धरून ऐकत राहायचा आणि रंग जमिनीवर ठिबकायचा.

“आता तरी पटलं का?” नवरा तिला स्वयंपाकघरात गाठून विचारी.

“कान बघितलेत? दादाचे कान सुपासारखे होते.”

तिनं तेही विचारलं. कान भट्टीनं भाजले, तो म्हणाला. उंची? भट्टीपुढे वाकून वाकून माणूस खचतो. डोळे दादाचे काळेभोर होते, हे असे घारे कसे? तापल्या काचेकडे वर्षानुवर्षं बघितलं की डोळ्यांचा रंग उतरतो. ती भट्टी जणू त्याची वकील होती. प्रत्येक आरोपाला तिच्याकडे उत्तर तयार.

खाली सरांकडे आता आगवाल्याचं प्रकरण चाललं होतं. हेराक्लायटस. त्याचं म्हणणं, जगात काही म्हणजे काही थांबून नाही. दिव्याची ज्योत तीच दिसते, पण तिच्यात दर क्षणाला नवं तेल जळत असतं. तिनं वाचता वाचता मध्येच विचारलं, “मग सर, इतक्या वर्षांनी परत आलेला माणूस तोच असतो का?”

“कुणाबद्दल विचारताय?”

“पुस्तकाबद्दल.”

“पुढचं प्रकरण वाचा,” सर एवढंच म्हणाले.

पुढचा होता पार्मेनिडीज, आणि तो तर आगवाल्याच्या पार उलट. तो म्हणे, जे आहे ते आहे, आणि जे आहे त्याचं नाहीसं होऊच शकत नाही. बदल म्हणजे डोळ्यांनी केलेली फसवणूक. डोळ्यांवर विसंबू नका, विचारात जे टिकेल तेवढंच धरा. त्याला तिनं नाव ठेवलं खांब.

“खांबाचं ऐकलं तर दादा जसा गेला तसाच यायला हवा,” ती बोलून गेली.

“दादा?”

आता लपवण्यात अर्थ नव्हता. तिनं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, “तुमचा आगवाला कुणालाही घरात घेईल, सर. आणि हा खांब सख्ख्या भावालाही जिन्यात उभा करेल. मी कुणाचं ऐकू?”

“दोघांचंही ऐकून लोक पुढे दोनशे वर्षं भांडले,” सर म्हणाले. “मी तुम्हाला काय सांगणार? मला तर त्याचा चेहराही दिसणार नाही.”

सुट्टीच्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर नवरा खिडकीचा जुना रंग खरवडत बसला होता. पाहुण्याला त्यानं मण्यांची गोष्ट परत सांगायला लावली. ती भांडी पुसत ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिचा हात थांबला. गोष्ट मागच्या वेळेसारखीच होती. अगदी तशीच. तेच शब्द, तिथेच थांबणं, तिथेच हसणं. एकच फर्मा दोनदा आला की अंगठा जसा अडकतो, तसं तिचं मन अडकलं. हा माणूस आठवून सांगत नव्हता. पाठ म्हणत होता.

आणि मग तिला कळलं की आपण इतके दिवस चुकीचंच विचारत होतो. गोष्टी विचारत होतो. गोष्ट कुणालाही सांगता येते, आणि ऐकलेली कुणालाही येते.

ती ओल्या फडक्यानिशी बाहेर आली. “आपल्या त्या घराची जमीन कशाची होती?”

“जमीन?”

“हो. पायाखालची.”

“फरशी होती की,” तो म्हणाला.

“कसली?”

“काळी. दगडाची.”

“नळ कुठे होता? दार आत उघडायचं की बाहेर? जिना चढताना भिंत कोणत्या हाताला यायची?”

नवरा मध्ये पडला, “अगं, इतक्या वर्षांनी कोण लक्षात ठेवतं हे?”

“मुद्दाम कोणीच ठेवत नाही. पाय ठेवतात. लाकडाची होती जमीन. फळ्यांची. पायात कुसळं जायची, आई सुईनं काढायची. यांना गोष्टी सगळ्या माहीत आहेत हो. घर माहीत नाही.”

खरवडणीचा आवाज थांबला होता. माणूस आपल्या हातांकडे बघत राहिला, मग म्हणाला, “मी दादा नाही.”

क्षणभर तिला जिंकल्यासारखं वाटलं. अगदी क्षणभरच. लगेच पुढचा प्रश्न उभा राहिला, आणि त्याचं उत्तर त्यानं तोंड उघडायच्या आधीच तिला समजलं. हा दादा नाही, आणि तरी याला सगळं माहीत आहे. मग दादा? आपला संशय खोटा ठरावा, असं आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं.

“गेल्या थंडीत गेला,” तो म्हणाला. “छाती धरली होती त्याची. भट्टीवर बहुतेकांची धरते. आम्ही एका खोलीत राहायचो. तो म्हणाला होता, माझ्या बहिणीला जाऊन सांग. तुमच्या जुन्या गल्लीत विचारत विचारत इथला पत्ता काढला, मी सांगायलाच आलो होतो. दार यांनी उघडलं. मी म्हणालो, काचेच्या भट्टीवरून आलोय, आणि यांनी मला मिठीच मारली. दादा, दादा म्हणत आत नेलं. मला तसं कुणी कधी आत नेलं नव्हतं. म्हटलं, जेवून झाल्यावर सांगू. मग म्हटलं, उद्या सांगू.”

नवऱ्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. त्याला कशाचं अधिक वाईट वाटत होतं, कोण जाणे. ती मात्र रडली नाही. ती म्हणाली, “हे तरी खरं कशावरून?”

दुसऱ्याच दिवशी तिनं मालकांकडून रजा मागितली, जन्मात कधी मागितली नव्हती अशी. नवऱ्याला बजावलं, “मी येईपर्यंत यांना कुठे जाऊ देऊ नका.” नवऱ्यानं त्यावर साधा उपाय काढला. इमारतीच्या जिन्याला रंग द्यायचं काम पडलंच होतं, त्यानं पाहुण्याच्या हातात ब्रश दिला.

एक बस, मग दुसरी, मग धुळीच्या रस्त्यानं पायपीट. भट्टीची शेड लांबूनच धगधगत होती. बाहेर पांढऱ्या वाळूचे ढीग, शेजारी फुटक्या काचांचे. आत एक माणूस लांब नळीच्या टोकावर लाल गोळा घेऊन फुंकत होता, आणि तो गोळा फुगत, निवळत, बघता बघता बाटली होत होता. एरवी तिनं थांबून दहा प्रश्न विचारले असते. आज तिला फक्त मुकादम हवा होता.

मुकादम जाडजूड, घामानं निथळलेला. तिनं भावाचं नाव सांगितलं.

“नावानं नाही कळायचं,” तो म्हणाला. “इथे कुणी नाव घेत नाही.”

“कान मोठे होते. सुपासारखे.”

मुकादमानं तिच्याकडे नीट बघितलं. मग गळ्यातल्या फडक्यानं तोंड पुसलं. “गोष्टीवाला! तुम्ही चिमटी का?”

ती काही म्हणायच्या आत त्यानं शेडकडे तोंड करून हाक मारली. हातातली कामं टाकून माणसं आली. तरणी, म्हातारी, सगळ्यांचे चेहरे भाजलेले. भट्टीच्या तोंडाशी उभं राहून पाळी संपत नसे, म्हणून दादा गोष्टी सांगायचा, आणि त्याच्याकडे गोष्टी होत्या त्या घरच्याच. तिनं कधी न बघितलेली ती माणसं तिला विचारू लागली. ते ट्रंकेतलं काळं पिल्लू जगलं का? तुमची आई खरंच दोरा दातानं तोडायची का? एक म्हातारा गर्दीतून पुढे आला.

“बाई, एक सांगा. अंगुस्तान सापडलं का हो शेवटी?”

दादा घर सोडून गेला तेव्हा ते सापडलेलं नव्हतं.

“सापडलं,” ती म्हणाली. “पिठाच्या डब्यात.”

“बघा! मी म्हणत नव्हतो, घरातच असणार!” म्हातारा बाकीच्यांवर ओरडला, आणि सगळी शेड हसली. यावरून तिथे वर्षानुवर्षं वाद चालला होता म्हणे. तिथे, त्या हसण्यात, वाळूच्या ढिगावर बसून ती रडली. लहानपणी दाराआडून बोलली होती तेव्हापासूनचं साठलेलं सगळं रडली. कुणी तिला गप्प केलं नाही.

पण रडून झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि चौकशीला लागली. मुकादमाला विचारलं, स्वयंपाक करणाऱ्या बाईला विचारलं, त्या म्हाताऱ्याला बाजूला घेऊन विचारलं. दादा घरी का आला नाही? पहिल्या वर्षी हात भाजला, काम गेलं, रिकाम्या हातानं घरी कसा जाणार. मग लाज वाटायला लागली, आणि लाज वर्षागणिक वाढतच गेली. आणि त्याच्या खोलीतला तो दुसरा? मुकादम म्हणाला, त्यानं शेवटी चमच्यानं भरवलं. बाई म्हणाली, भरवलं कसलं, शिव्या घालून गिळायला लावलं. म्हातारा म्हणाला, दोघं भांडायचे खूप, पण खोकला सुरू झाला की तो उठून पाठ चोळायचा. तिघांनी तीन तऱ्हांनी सांगितलं, आणि त्यामुळेच तिचा विश्वास बसला.

परत आली तेव्हा जिना अर्धा रंगला होता. माणूस पायरीवर बसला होता, शेजारी त्याची पिशवी बांधून ठेवलेली. तिला बघून तो उभा राहिला.

“जातो मी,” म्हणाला.

“कुठे?”

त्यानं पिशवीची गाठ परत एकदा आवळली.

“मग अर्धा जिना कोण रंगवणार?” ती म्हणाली आणि वर निघून गेली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि केलं होतं की नाही हे तिलाही ठाऊक नव्हतं.

सरांकडे वाचन पुढे सुरू झालं. आता एम्पेडोक्लीस नावाचा एक होता, आणि त्याला नाव ठेवायचं ती विसरली. तो म्हणत होता की जन्म आणि मरण हे लोकांचे बोलायचे शब्द आहेत, खरं होतं ते एवढंच, की माती, पाणी, हवा आणि आग मिसळतात आणि वेगळी होतात. चित्रकार मोजके रंग कमीजास्त मिसळून झाडं, माणसं, पाखरं सगळं उभं करतो, तसं. नवरा तिला जेवायला बोलवायला आला होता, तो दारातच थांबला.

“हे मात्र बरोबर आहे,” तो म्हणाला. “माझ्याकडे डबे चारच असतात.”

“काही नाहीसं होत नाही, असं म्हणतो हा,” सर हळूच म्हणाले.

“म्हणायला काय जातंय त्याचं,” ती म्हणाली. “माझा दादा नाहीसा झालाय.”

नवऱ्यानं पुढे होऊन तिच्या हातातलं पुस्तक मिटलं.

तो माणूस गेला नाही. पुढच्या रस्त्यावर खिडक्यांच्या काचा कापून देणारं दुकान होतं, तिथे त्याला काम मिळालं आणि दुकानामागेच खोलीही. सुट्टीच्या दिवशी तो जेवायला यायचा. ती त्याला दादा म्हणत नसे. काचवाले म्हणे. आणि जेवताना एक तरी प्रश्न असायचाच. दादा झोपताना कुशीवर झोपायचा की उताणा? चहात साखर किती घ्यायचा? त्याच्या चपलांची टाच कुठल्या बाजूनं झिजायची? त्याला आठवे ते तो सांगे, आठवत नसेल तेव्हा “नाही लक्षात” म्हणे. असं म्हणाला की ती त्याला आणखी वाढायची. मधूनच जुनाच प्रश्न परत विचारून उत्तर जुळतंय का तेही ती बघे. तो हसे. नवऱ्याला ते आवडत नसे.

“अगं, किती वेळा तेच?”

“तुम्ही जेवा.”

सर गेले, कारखाना नव्या जागी गेला, तिचा अंगठा सुजायला लागला. काचवाल्याच्या छातीतही अखेर तेच निघालं जे दादाच्या निघालं होतं. श्वास लागायला लागला तेव्हा तिनंच त्याला दवाखान्यात नेलं. खिडकीमागच्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, “पेशंट तुमचे कोण?”

“भाऊ,” ती म्हणाली.

“सख्खा?”

तिनं त्याच्याकडे आपली ती ठेवणीतली नजर लावली.

“ते तुम्हाला कशाला हवंय?”